बोटाचं कुलूप आणि पहिलं ताट

"हे दार माह्या घराचं हाये का नाई, एवढं मले कोनी तरी सांगा," सासरे ओरडत होते. "चाळीस वर्सं कडी-कोयंड्यानं भागलं. त्या कडीनं मले एकदाही इचारलं नाई, का बाप्पा तू कोन म्हनून."

सासरे निवृत्त मास्तर. वलगावात ते आपल्या ओट्यावरून गरजले की परतवाड्याकडे जाणाऱ्या एसटीतले लोक आपलं गाव आलं समजून पिशव्या उचलतात. मी स्वतः पाहिलंय. आणि त्या दिवशी तर त्यांना गरजायला कारणही होतं. अधिक ज्येष्ठाची भर दुपार, डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेला ओटा. त्या ओट्यावर ओला पापड टाकला असता तर तो भाजून, गार होऊन, शिळाही झाला असता. आम्ही सगळे मारोतीच्या देवळात दिवा लावून परतलो होतो. पोरंसोरं तिकडंच वडाखाली खेळत राहिली. घरात धोंड्याचा स्वयंपाक तयार होता, पाट मांडलेले होते, आणि दार उघडत नव्हतं. दाराच्या फटीतून पुरणाचा वास मात्र खुशाल बाहेर येत होता. वासाला अंगठा लागत नाही.

दाराला अंगठा लागत होता, कारण ते बोटाचं कुलूप होतं. आणि ते मीच बसवलं होतं.

आता मी कोण ते सांगतो. अमरावतीत राजापेठेकडं माझं दुकान आहे. कॅमेरे, थंब मशीन आणि हे नव्या तऱ्हेचं कुलूप बसवून देणं हा माझा धंदा. थंब मशीन म्हणजे हजेरीचं यंत्र: पोरगं क्लासला आलं की अंगठा टेकवतं आणि बापाच्या मोबाइलवर मेसेज जातो. अमरावतीत जितकी पोरं डॉक्टर व्हायला येतात, तितके अंगठे माझ्या हातून गेलेत. एखाद्या सावकारानंही आयुष्यात इतके अंगठे घेतले नसतील, आणि मी एकाही कागदाशिवाय घेतले. बडनेऱ्यापासून विद्यापीठापर्यंत जो क्लास, जो दवाखाना, जे ऑफिस बघाल, तिथल्या यंत्रावर माझा पिवळा स्टिकर. दुकानाचं नाव, खाली माझा मोबाइल नंबर, आकडे एवढे मोठे की मोतीबिंदूवाल्यानंही रस्त्यापलीकडून वाचावेत.

एवढा मोठा माणूस, पण वलगावच्या त्या घरात माझी एकच मिळकत होती: मी मोठा जावई. धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावतात, तेहेतीस अनारशांचं वाण देतात, आणि पहिलं ताट मोठ्या जावयापुढं येतं. सासूबाई स्वतः तूप वाढतात. त्या एका ताटासाठी मी तीन-तीन वर्षं वाट पाहतो. दर तीन वर्षांनी येणारं ते ताट यंदा आपल्या हातून जाणार, अशी मला पक्की भीती बसली होती. त्याचं कारण माझ्या शेजारीच उभं होतं, रुमालानं चष्मा पुसत.

माझा साडू. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. राहतो अकोल्याला.

या माणसाचा धंदा काय, हे मला समजायला चार वर्षं लागली, आणि समजल्यावर पटायला अजून वेळ लागतोय. हा दुकान चालवत नाही, काही बसवत नाही, काही विकत नाही. घरात पंखा लावून बसतो आणि लोकांच्या यंत्रांतली खोट शोधतो. वायफायचा डबा, बोलणारी बाहुली, दारावरची कॅमेरावाली घंटी, हाताशी येईल ते उघडतो. त्याचे स्क्रू काढायचे पेचकस इतके बारीक की आपण त्यांनी दात कोरावेत. कुठल्या फटीतून चोर आत शिरेल ते तो चोराच्या आधी शोधतो आणि कंपनीला कळवतो. कंपनी त्याचे आभार मानते. म्हणजे मी आयुष्यभर कुलपं लावली तर लोक म्हणतात, "साहेब, जरा कमी करा ना." आणि यानं उघडली तर लोक म्हणतात, "थँक्यू."

मला तर त्याच्या अकोल्याचाही राग येई. अकोल्याचं ऊनसुद्धा आमच्याहून एखादी डिग्री वर असतं. तेही त्याच्याकडंच.

पण खरी ठिणगी पडली ती घड्याळानं. त्याच्या पोरीच्या वाढदिवसाला मी तिला पोरांचं घड्याळ दिलं होतं. मनगटाला बांधलं की पोरगं कुठं आहे ते आईबापाला मोबाइलवर दिसतं. माझ्याच दुकानातलं, गुलाबी पट्ट्याचं. साडूनं ते घेतलं, उलटं केलं, नाकाजवळ नेलं, जणू भाजीवाल्यानं सडका टमाटा दिलाय. दोन दिवसांनी फोन, "साडूभाऊ, असंच अजून एक घड्याळ भेटन काय?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मी दुसरंही पाठवलं. मग कळलं की त्या दोन घड्याळांवर त्यानं प्रयोग केला. प्रत्येक घड्याळाला एक नंबर असतो. आपला नंबर धाडला की आपलं पोरगं नकाशावर दिसतं. यानं एका घड्याळाच्या ठिकाणी दुसऱ्याचा नंबर धाडला, तर ते दुसरंही दिसलं. कोण विचारतंय, हे कंपनी पाहतच नव्हती. म्हणजे आकडे बदलत गेलं की देशातलं कुठलंही पोरगं कुठं आहे ते कोणालाही दिसलं असतं.

त्यानं कंपनीला कळवलं, गुपचूप. त्यांच्या धंद्यात ती रीतच आहे म्हणे. खोट सापडली की आधी बनवणाऱ्याच्या कानात सांगायचं आणि नव्वद दिवसांची मुदत द्यायची. तेवढ्यात त्यानं दुरुस्त केलं तर ठीक. नाही केलं, तर मग जगाला सांगायचं, म्हणजे लोक आपली काळजी आपण घेतील. मी सगळ्यांसमोर हसलो होतो. म्हटलं, "म्हणजे चोर घरात शिरू शकते हे मालकाले सांगायचं, अन् वरून म्हनायचं, तीन महिने आरामात पाहा." साडूनं चष्मा पुसला होता. तो बोलतच नाही. दहा वाक्यांच्या जागी एक बोलतो, आणि लोक त्या एकाची आठवण ठेवतात. माझी दहा कुठं गेली, कोणी विचारत नाही.

कंपनीनं दुरुस्ती केली. आपल्या आभाराच्या पानावर त्याचं नाव टाकलं. त्याला एक काळा टी-शर्ट पाठवला. घड्याळ माझं, नाव त्याचं. दुसरं घड्याळही माझं. टी-शर्ट मात्र एकच आला.

सासऱ्यांनी त्या पानाचा प्रिंट काढून आणला, फ्रेम केला आणि बैठकीत लावला. कुठं लावला? जिथं माझ्या लग्नातला फेट्याचा फोटो होता. माझा फोटो मधल्या खोलीत गेला, धान्याच्या कोठीवर. मी विचारलं तर म्हणाले, "जवाईबुवा, खिया तोच मजबूत होता." खिया म्हणजे खिळा. त्यानंतर टीव्हीचा रिमोट बिघडला तरी ते अकोल्याला फोन करत. मी वीस मिनिटांवर, तो अडीच तासांवर. गावच्या वाचनालयाच्या कार्यक्रमात त्यांनी आमची ओळख करून दिली. आधी धाकटा, मग मी. त्या दिवशी मी मनात गणित मांडलं: फोटो गेला, फोन गेला, ओळख गेली. आता उरलं ताट.

मीही काही हातावर हात ठेवून बसणाऱ्यांतला नाही. म्हटलं, यात आहे काय एवढं? आपणही एक खोट शोधू. दुकानातलं एक बोलणारं घड्याळ उघडलं, एक वायफायचा दिवा उघडला, बायकोचा मिक्सरही उघडला. मिक्सर पुन्हा लागला नाही, ती गोष्ट वेगळी. पंधरा दिवसांच्या तपश्चर्येनंतर मी एका कंपनीला कळवलं की तुमचा कॅमेरा वायर काढली की बंद पडतो, चोरानं याचा फायदा घेतला तर? त्यांनी मला एक तक्रार क्रमांक पाठवला. मी तो अजून जपून ठेवलाय. मग धोंड्याच्या जेवणाच्या तीन दिवस आधी मी अजून एक यंत्र उघडून डाग देत बसलो होतो, तेव्हा सोल्डरिंगची सळई माझ्या उजव्या अंगठ्यावर टेकली. फोड आला लिंबाएवढा. लिंबू कागदी म्हणा हवं तर.

हा अंगठा लक्षात ठेवा.

साडूचा मला आणखी एका गोष्टीचा राग होता. आम्ही दोघं शेजारी बसलो असलो आणि मी मोबाइलला पासवर्ड टाकायला लागलो, की हा मान दुसरीकडं वळवी. दर वेळी. मला वाटे, याला आमच्या फोनाकडं पाहायचीही लाज. म्हणून मी फागुनातच त्याचं व्हॉट्सॲप मूक करून टाकलं होतं. येऊ दे मेसेज, पडू दे तिथंच.

तर माझा डाव असा होता. पंधरा दिवस आधी मी सासऱ्यांच्या दाराला हे बोटाचं कुलूप बसवून दिलं, जावयाची भेट म्हणून. सगळ्यांची बोटं त्यात भरली. धोंड्याच्या दिवशी सकाळी, सगळे देवळात जायच्या गडबडीत असताना, मी मागं राहिलो आणि माझं बोट सोडून सगळ्यांची बोटं पुसून टाकली. परत आल्यावर दार कोणालाच उघडणार नाही. सासरे टेकवतील, सासूबाई टेकवतील, नाही उघडणार. मग मी नम्रपणे म्हणेन, "साडूभाऊ, तुमी एवढे तज्ज्ञ, पाहा बरं." तो खटपट करील, घाम गाळील, हरेल. मग मी पुढं होईन, अंगठा टेकवीन, दार उघडेल, आणि फ्रेमच्या खिळ्यावर कोणाचा हक्क आहे ते अख्ख्या वलगावला दिसेल.

डावात एकच उणीव राहिली होती. माझ्या अंगठ्यावरचा फोड सकाळीच फुटला होता, आणि खालची कातडी नव्या नवरीसारखी गुळगुळीत आणि परकी होती.

सासऱ्यांनी टेकवून पाहिलं, सासूबाईंनी पाहिलं, आणि मी साडूचं नाव काढायच्या आत सगळे मलाच म्हणाले, तुमीच बसवलं, तुमीच उघडा. मी टेकवला. लाल दिवा. आतली बाई इंग्रजीत म्हणाली, पुन्हा प्रयत्न करा.

मी पुन्हा प्रयत्न केला. पाच वेळा केला. मग कुलूप रुसलं आणि तीन मिनिटं कोणाचंच ऐकेना.

"हे बाई कोन हाये माह्या दारात?" सासरे म्हणाले.

सासूबाई म्हणाल्या, कोणी का असेना, भात गार होऊन राहिला. मागचं दार त्यांनी स्वतःच आतून कडी घालून बंद केलं होतं, वांदरांच्या भीतीनं. त्यातलंच एक काळतोंड्या वांदर कौलावर बसून आमच्याकडं असं पाहत होतं, जणू आम्हीच त्याच्या झाडाखाली जमलेलो. कुलपाला अडीअडचणीची चावी असते. ती मी बैठकीत टांगून ठेवली होती. त्याच मजबूत खिळ्याला.

आता खरं सांगतो, मला दार उघडता येत होतं. कुलपाला सहा आकड्यांचा कोड असतो आणि तो मला पाठ होता. झोपेतही पाठ होता, कारण तो म्हणजे माझ्या मोबाइल नंबरचे शेवटचे सहा आकडे. पण साडू माझ्या खांद्यामागं उभा. मी आकडे दाबायचे आणि त्यानं पाहायचे? आणि मुख्य म्हणजे तोच कोड मी अमरावतीतल्या प्रत्येक यंत्राला दिला होता. तो माझा शोध होता. गिऱ्हाईक कोड विसरतं आणि दुपारी ऐन झोपेत फोन करतं. म्हणून मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं: विसरलात तर घाबरायचं नाही, स्टिकर पाहायचा, शेवटचे सहा आकडे टाकायचे. किती सोपं. त्या दिवसापासून दुपारी माझा फोन वाजला नव्हता.

"सेन्सर तापला असन," मी म्हटलं. "उनानं असं होते." मग छाती फुगवून डावाचा उरलेला भाग पुढं ढकलला. "साडूभाऊ, तुमीच पाहा ना. तुमच्यासाठी तर हा डाव्या हातचा मळ."

साळी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, "हो, तुमीच पाहा." सासरेही त्याच्याकडं पाहू लागले, जसं वैद्याकडं पाहतात. मला ज्येष्ठाचं ऊनही गार वाटायला लागलं.

साडू वाकला. मला वाटलं, आता पिशवीतून ते दात कोरायचे पेचकस काढेल. काही काढलं नाही. आकड्यांच्या पाटीकडं पाहिलंही नाही. त्यानं माझा पिवळा स्टिकर पाहिला. वाचला. वर पाहिलं, माझ्याकडं. पुन्हा स्टिकर पाहिला, आणि हळूच उभा राहिला.

"मामाजी, हे माझ्याच्यानं नाई होत," तो सासऱ्यांना म्हणाला. "साडूभाऊच उघडतीन. आपन तिकडं निंबाखाली उभं राहू, ऊन लागून राहिलं."

आणि त्यानं सगळ्यांना अंगणातल्या निंबाखाली नेलं. स्वतः दाराकडं पाठ करून उभा राहिला. माझ्याजवळून जाताना फक्त एवढंच पुटपुटला, "फागुनातला मेसेज पाहा एकदा."

मी सहा आकडे दाबले. दार उघडलं. सासऱ्यांनी टाळी वाजवली. मला अशी टाळी त्या घरात लग्नानंतर पहिल्यांदाच मिळाली, आणि मला ती ऐकू आली तरी लागू पडेना. माझे डोळे साडूच्या पाठीवर होते. आत्ता कळलं की हा माणूस माझ्या फोनाकडं पाहायला लाजत नव्हता. कोणी पासवर्ड टाकत असलं की मान वळवायची, ही त्यांच्या धंद्यातली शिस्त. आपण पूजेला चप्पल काढतो तशी. चार वर्षं मी त्या माणसाच्या सभ्यतेवर दात खाल्ले.

पाय धुवायच्या निमित्तानं मी मागं मोरीपाशी गेलो आणि त्याचे मेसेज उघडले. जुने मेसेज वर सरकवत गेलो. सणाच्या शुभेच्छा, पोरीचे फोटो, एक चुटकुला, तोही बरा. आणि मग ते:

"साडूभाऊ, तुमच्या पोरीले क्लासमधून घ्यायले गेलो होतो. तिथल्या मॅडमनं थंब मशीनले कोड टाकला. सगळ्या पोरांसमोर, स्टिकर पाहून टाकला. मग रस्त्यानं येताना दोन दवाखान्यांत तोच स्टिकर दिसला. मी कुठंच टाकून पाहिला नाही. पण असं वाटते का ज्याले आकडे वाचता येतात त्याले अर्धी अमरावती उघडता येईन. हजेरी, नावं, घरचे नंबर, सगळं. कोनाले सांगतलं नाही. घरातही नाही. नव्वद दिवसांत बदलून घ्या. नाही तर मले ज्यांच्या मशीनी हायेत त्याइले कळवावं लागन. राग नका मानू."

मी बोटांवर दिवस मोजले, भाजलेलं बोटही धरून. नव्वद परवा संपले होते.

आत पंगत मांडली होती. पाच जणांचे पाट, सासूबाई वाढायला. मी कुठं बसावं म्हणून उंबऱ्यातच उभा राहिलो, असा मी आयुष्यात कधी उभा राहिलो नव्हतो. मला वाटलं, आता सासरे बोलतील, आणि तो आपलं ते एक वाक्य बोलेल. सगळ्यांसमोर. नव्वद दिवस झाले म्हणून. आणि मी त्याच्या जागी असतो तर नक्की बोललो असतो. नव्वद कशाला, मी नऊ मिनिटं थांबलो नसतो. गावात दवंडी दिली असती.

सासूबाईंनी पहिलं ताट माझ्यापुढं ठेवलं. धोंड्यावर तुपाची धार धरली, इतकी की धोंडा होडीसारखा हलला. मी साडूकडं पाहिलं. तो भाताला मीठ लावत होता.

"काहून हो, तुमाले नाई जमलं?" सासऱ्यांनी त्याला विचारलं.

"नाई जमलं, मामाजी. कुलूप चांगलं बसवलं हाये."

सासरे माझ्याकडं पाहून असे हसले की मला वाटलं, आता फोटो कोठीवरून उतरतो. म्हणाले, मोठे जवाई ते मोठे जवाईच. आणि खरं सांगू? त्या क्षणी मला कृतज्ञ वाटायला पाहिजे होतं. वाटलं ते एवढंच, की हा माणूस हरतोही माझ्याहून चांगला. मी चार वर्षं जिंकायची तयारी केली, तर मीच बसवलेलं कुलूप मला ओळखेना. यानं एका मिनिटात हरून दाखवलं, आणि त्याचा भात शांतपणे कालवला जात होता. तो एक धोंडा संपवायला मला सासूबाईंचं तीन ग्लास ताक लागलं.

संध्याकाळी तो एकटाच अकोल्याच्या गाडीसाठी निघाला; साळी आणि पोरगी दोन दिवस माहेरी राहणार होत्या. मी त्याला माझ्या गाडीवर बडनेऱ्याला सोडलं. वाटेत मी बरंच बोललो, की माझ्या मनात होतंच बदलायचं, कामाच्या गर्दीत राहून गेलं, आणि आमच्या धंद्यात सगळेच असं करतात. हे शेवटचं खरं आहे, सगळेच करतात. स्टेशनवर उतरून त्यानं पिशवी खांद्याला लावली.

"एक महिना वाढवून देतो," तो म्हणाला. "मंग मात्र कळवीन."

तो महिना मी कसा काढला ते मला विचारा. जिथं जिथं माझा पिवळा स्टिकर, तिथं तिथं मी. डोक्याला दुपट्टा गुंडाळून, ऊन लागू नये म्हणून गाडीच्या डिकीत कांदा ठेवून, एकेका यंत्रापुढं उभा राहून एकेक नवा कोड. माझा पसारा एवढा मोठा आहे हे मीच इतकी वर्षं सांगत होतो, पण तो खरंच एवढा मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. स्टिकर खरवडून काढताना नखं गेली. एका दवाखान्यात भिंतीचा रंगही गेला आणि तो पुन्हा लावून द्यावा लागला. पोरीच्या क्लासमधल्या मॅडमला मी नवा कोड सांगितला, कुठं लिहू नका म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मग विसरलो तर पाहायचं कुठं?" मी म्हटलं, मला फोन करा. आता रोज दुपारी दीडच्या सुमारास फोन येतो. अमरावतीत दुपारी दीडला लोक विसरण्याचंच काम करतात.

शेवटचं यंत्र झालं त्या दिवशी मी साडूला मेसेज टाकला, सगळं बदललं. त्याला मूक केलेलं मी आधीच काढून टाकलं होतं. त्याचं उत्तर आलं, अंगठ्याचं चित्र. एक अंगठा. फोड नसलेला.

घरी आलो तर बायको लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसली होती. मी बसायचा मोढा ओढून बसलो आणि तिला पहिल्यांदा सगळं सांगितलं. बोटं पुसली ते, अंगठा भाजला ते, फागुनातला मेसेज, निंबाखालची पाठ, सगळं. थोडं वाढवूनच सांगितलं, कारण आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच विरुद्ध वाढवून सांगत होतो आणि त्यातही मजा येत होती. ती अडकित्त्यात कैरी धरून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, त्यानं त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर ते पहिलं ताट त्याच्यापुढंच गेलं असतं, आणि माझं मोठेपण तिथंच संपलं असतं. त्यानं माझं ताट वाचवलं. त्याच्यावर कितीही जळलो तरी हे मानावंच लागेल.

तिनं कैरी फोडली, कोय बाजूला टाकली.

"ताट तुमाले माझ्यामुळं येते," ती म्हणाली. "मी मोठी हाये."